खणलेली माती आणि राहिलेली नोंद

आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी नागार्जुनकोंडा नावाची टेकडी आहे. ती आज एक बेट झाली असून तेथे होडीनेच जावे लागते. ह्या टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या खोऱ्यात इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इक्ष्वाकु राजांची विजयपुरी ही राजधानी नांदत होती. तेथे बौद्धांचे स्तूप आणि विहार होते, देवळे होती, नदीला बांधीव घाट होते आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले एक प्रेक्षागारही होते. 1926 मध्ये पुराभिलेख विभागातील ए. आर. सरस्वती ह्यांना हे अवशेष प्रथम आढळले. पुढे नागार्जुनसागर धरणाची योजना आली. 10 डिसेंबर 1955 रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. सारे खोरे पाण्याखाली जाणार हे ठरल्यावर पुरातत्त्व खात्याने काळाशी जणू शर्यत लावली. आर. सुब्रह्मण्यम ह्यांच्या नेतृत्वाखाली 1954 ते 1960 ह्या सहा वर्षांत शंभराहून अधिक स्थळांचा शोध घेण्यात आला. काही निवडक वास्तू टेकडीवर आणि जवळच्या अनुपू येथे नेऊन पुन्हा उभारण्यात आल्या. उरलेली विजयपुरी जलाशयाखाली गेली.

आता त्या खोऱ्यात कोणी कुदळ मारू शकणार नाही. वस्तुसंग्रहालयातील शिल्पे आणि हलवलेल्या वास्तू सोडल्या, तर विजयपुरीविषयी जे कळावयाचे ते त्या सहा वर्षांच्या नोंदवह्या, नकाशे, रेखाटने आणि छायाचित्रे ह्यांतूनच कळणार. ह्या उत्खननाच्या अहवालाचा पहिला खंड 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. ऐतिहासिक कालखंडाचा, म्हणजे प्रत्यक्ष विजयपुरी नगरीचा वृत्तांत देणारा दुसरा खंड 2006 मध्ये निघाला. शेवटची कुदळ पडल्यापासून तोवर 46 वर्षे लोटली होती. एका अर्थाने हे खोरे दोनदा बुडाले, एकदा कृष्णेच्या पाण्यात आणि एकदा कागदांच्या गठ्ठ्यांत. पहिले बुडणे देशाच्या शेतीसाठी पत्करलेले होते. दुसरे टाळता आले असते.

पुरातत्त्व आणि इतिहास ह्यांच्या भवितव्याचा विचार होतो तेव्हा बहुधा नव्या यंत्रांचे कौतुक ऐकू येते. ते अस्थानी नाही. परंतु ह्या विद्यांचे भवितव्य मुख्यतः यंत्रांवर अवलंबून नसून नोंदीवर अवलंबून आहे, हे नागार्जुनकोंड्याच्या उदाहरणावरून ध्यानात यावे. नोंद किती काटेकोर ठेवली, ती किती लवकर प्रसिद्ध केली आणि ती किती जणांच्या हाती पोहोचली, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत उद्याचे पुरातत्त्व सामावलेले आहे.

असे का व्हावे? ह्याचे कारण उत्खननाच्या स्वरूपातच आहे. रसायनशाळेतील प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. जुने हस्तलिखित एका विद्वानाने चुकीचे वाचले, तर दुसरा ते हाती घेऊन दुरुस्त करू शकतो. उत्खननाचे तसे नाही. मातीच्या एकावर एक साचलेल्या थरांतून काळाचा क्रम लावला जातो, आणि खालचा थर पाहावयाचा तर वरचा काढूनच टाकावा लागतो. एखादे खापर चुलीपाशी सापडले की उंबऱ्यापाशी, मण्यांसोबत सापडले की राखेत, ह्या स्थानावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो. ते खापर उचलले की स्थान संपते, आणि उरते ती केवळ त्या स्थानाची टिपणी. उत्खनन हे अशा रीतीने आपल्याच पुराव्याचा व्यय करून चालणारे शास्त्र आहे. म्हणून उत्खनन करणारा हा शोधकापेक्षाही विश्वस्त अधिक असतो. जे त्याने पाहिले ते पुन्हा कोणालाही पाहता येणार नसते.

कागदपत्रांच्या इतिहासाला हा धोका नाही, तरीही प्रसिद्धीचे महत्त्व मराठी संशोधकांनी फार पूर्वी ओळखले होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड छापला, आणि पुढे तिचे 22 खंड झाले. इतिहास लिहिण्यापूर्वी त्याची साधने सर्वांसमोर ठेवावीत, मग ज्याला त्या साधनांतून वेगळा अर्थ निघतो असे वाटेल त्याने तो खुशाल काढावा, अशी ही भूमिका होती. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 भाग 1930 ते 1934 ह्या अल्प अवधीत संपादित केले, तेही ह्याच वाटेने जाणारे कार्य होते. संपादकाशी वाद घालावयाचा तर आधी संपादकाच्या हातातील कागद वाचकाच्या हाती यावा लागतो. जो नियम कागदाला, तोच मातीला लागू केला पाहिजे. किंबहुना मातीला तो अधिकच काटेकोरपणे लागू केला पाहिजे, कारण कागद उरतो आणि माती उरत नाही.

हे अशक्य नाही ह्याची उदाहरणे भारतातच आहेत. सर मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी 1945 मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले आणि त्याचा सचित्र वृत्तांत 1946 मध्ये, म्हणजे वर्षभरातच, प्रसिद्ध केला. तेथे सापडलेल्या रोमन बनावटीच्या खापरांमुळे दक्षिण भारतातील इतर स्थळांचा काळ ठरविण्यास आधार मिळाला, आणि तो संशोधकांना तत्काळ वापरता आला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाच्या विद्वानांनी 1968 ते 1983 पर्यंत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. घरे, चुली, धान्याची पेवे, दफने, प्राण्यांची हाडे आणि जळके धान्य ह्यांचा निरनिराळ्या तज्ज्ञांनी केलेला अभ्यास 1988 मध्ये दोन खंडांत बाहेर आला. एवढ्या मोठ्या कामाला पाच वर्षांचा अवधी गैरवाजवी म्हणता येणार नाही. उलट राजस्थानातील कालीबंगन ह्या सिंधू संस्कृतीच्या महत्त्वाच्या स्थळाचे उत्खनन 1960 ते 1969 पर्यंत चालले. तेथील आद्य वसाहतीचा अहवाल 2003 मध्ये आणि नंतरच्या हडप्पाकालीन नगराच्या अहवालाचा पहिला भाग 2015 मध्ये निघाला. ज्या वर्षी उत्खनन सुरू झाले त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर पंचावन्न वर्षांचे झाले होते.

ह्या विलंबाचा सारा दोष व्यक्तींच्या आळसावर टाकणे अन्यायाचे होईल. उत्खननाला हंगाम असतो, तंबू लागतात, मजूर लागतात, आणि त्यासाठी पैसा मंजूर होतो. नवी वस्तू सापडली की वर्तमानपत्रांत चित्र येते. त्यानंतरचे काम मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हजारो खापरे धुणे, त्यांवर क्रमांक घालणे, वर्गवारी करणे, रेखाटने काढणे, हाडे एका तज्ज्ञाकडे आणि बिया दुसऱ्याकडे पाठविणे, त्यांची उत्तरे येईपर्यंत थांबणे आणि मग सर्वांची संगती लावून लिहावयास बसणे, हे काम उत्खननापेक्षा अधिक वर्षे खाते. मधल्या काळात अधिकाऱ्याची बदली होते, त्याच्यावर नव्या स्थळाची जबाबदारी येते किंवा तो निवृत्त होतो. नोंदवह्या एका गावी, खापरांच्या पेट्या दुसऱ्या गावी आणि छायाचित्रे तिसऱ्या गावी राहतात. अहवाल रखडतो तो हेतुपूर्वक नव्हे. खणण्याला जशी तरतूद असते तशी लिहिण्याला नसते, म्हणून तो रखडतो.

आता नव्या साधनांकडे वळावयास हरकत नाही. त्यांचा पहिला मोठा उपयोग असा की, कमी खणून अधिक पाहता येऊ लागले आहे. विमानातून लेसर किरणांचे झोत जमिनीवर सोडून परत येणाऱ्या किरणांवरून भूपृष्ठाचे उंचसखलपण मोजतात. दाट झाडीतूनही काही किरण जमिनीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे रानाखाली झाकलेल्या जुन्या रस्त्यांची, बांधांची आणि तलावांची रेघ उमटते. कंबोडियातील अंगकोरच्या परिसरात 2012 मध्ये ह्या पद्धतीने केलेल्या पाहणीत देवळांभोवतीच्या वस्तीची आखीव रचना दिसून आली. जमिनीच्या आतील भिंतींचा आणि खड्ड्यांचा वेध घेणारी उपकरणेही आहेत. कोठे कुदळ मारावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे मारू नये, हे अशा पाहणीने ठरविता येते.

दुसरा उपयोग असा की, पूर्वी केरात जाणाऱ्या पदार्थांना आता वाचा फुटते. विलर्ड लिबी ह्यांनी 1949 मध्ये किरणोत्सर्गी कार्बनावरून काळ मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तीबद्दल त्यांना 1960 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सजीव मेला की त्याच्यातील हा कार्बन घटू लागतो. सुमारे 5730 वर्षांत तो निम्मा उरतो, आणि ह्या हिशेबाने लाकूड, कोळसा किंवा धान्य ह्यांचे वय काढता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ह्या पद्धतीने केलेल्या मापनांच्या आधारे डी. पी. अग्रवाल ह्यांनी 1964 मध्येच हडप्पा संस्कृतीच्या कालक्रमाचा नव्याने विचार मांडला होता. आरंभी ह्या मापनाला मूठभर कोळसा लागे, आता धान्याचा एखादा दाणाही पुरतो. 1949 पूर्वी ज्यांनी उत्खनने केली त्यांना कोळशाचे हे मोल कळण्याचा मार्गच नव्हता. ह्यावरून एक धडा घ्यावयाचा आहे. आज निरुपयोगी वाटणाऱ्या मातीतून उद्याचा संशोधक काय काढील हे आज सांगता येत नाही. म्हणून कोणतेही स्थळ पुरतेपणी खणून संपवू नये. त्याचा काही भाग पुढच्या पिढ्यांसाठी अस्पर्श ठेवावा, आणि जे खणले त्यातील मातीचे नमुनेही जपून ठेवावेत.

प्राचीन हाडांतील डीएनए ह्या जनुकद्रव्याचा अभ्यास हे ह्या मालिकेतील सर्वांत नवे पाऊल होय. हरियाणातील राखीगढी येथील दफनभूमीतील 61 नमुने तपासण्यात आले. भारतातील उष्ण हवेत हे द्रव्य टिकत नाही, त्यामुळे त्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून पुरेशी माहिती मिळाली. ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. इराण आणि तुर्कमेनिस्तान येथील प्राचीन स्थळी सापडलेल्या 11 व्यक्तींच्या जनुकीय माहितीशी ती जुळते असेही संशोधकांनी दाखविले. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय. परंतु ही वार्ता बाहेर येताच एका स्त्रीच्या अस्थींवरून कोट्यवधी लोकांच्या पूर्वजांविषयी, भाषेविषयी आणि धर्माविषयी दोन्ही बाजूंनी निकाल दिले जाऊ लागले. हाडाला भाषा नसते. त्यातून वंशसंबंध कळतो, परंतु ती स्त्री कोणत्या शब्दांनी आपल्या मुलाला हाक मारीत असे ते कळत नाही. पुरावा किती, त्यावरून काढलेले अनुमान किती आणि त्यात मिसळलेली इच्छा किती, ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखण्याची सवय जोवर समाजाला लागत नाही, तोवर नवी साधने जुन्याच भांडणांना नवी शस्त्रे पुरवीत राहतील. ही सवय लागण्याचा उपाय एकच. निष्कर्षाबरोबर त्याची मूळ सामग्रीही खुली असावी, आणि ती समजेल अशा भाषेत सांगितली जावी.

सामग्री खुली ठेवणे आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. शिलालेखाचा ठसा, नाण्याचे चित्र, मूर्तीचे चहूबाजूंचे छायांकन हे सारे संगणकावर साठवून घरबसल्या पाहता येते. भारतीय प्रशासन सेवेतील एक अधिकारी इरावतम् महादेवन् ह्यांनी संगणकाच्या साहाय्याने सिंधू लिपीतील लेखांची सूची सिद्ध केली, आणि ती 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. लिपी अजून उलगडलेली नसली, तरी तिचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ही सूची हाती घ्यावीच लागते. जतन केलेल्या नोंदीचा दुसराही उपयोग आहे. तमिळनाडूतील श्रीपुरंदन येथील देवळातून चोरीस गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियातील एका कलासंग्रहालयात पोहोचली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेत देवळांच्या छायाचित्रांचा जो संग्रह आहे, त्यात ही मूर्ती तिच्या मूळ जागी दिसत होती. त्या पुराव्याचे बळ मिळून 2014 मध्ये मूर्ती भारतात परत आली. छायाचित्र काढणाऱ्याला ते एक दिवस साक्षीदार म्हणून उभे राहील, ह्याची कल्पनाही नसेल.

तथापि संगणकात घातले म्हणजे जपले असे समजणे भ्रामक ठरेल. इंग्लंडमध्ये 1086 साली झालेल्या जमीनपाहणीची ‘डूम्सडे बुक’ नावाची बाडे आजही वाचता येतात. त्या पाहणीला 900 वर्षे झाली म्हणून 1986 मध्ये तेथील नभोवाणी संस्थेने लोकांच्या सहभागाने देशाची नवी माहिती गोळा केली आणि ती लेसर तबकड्यांवर साठविली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि ती माहिती वाचविण्यासाठी खास प्रयत्न करावे लागले. चामड्यावरील लेख नऊ शतके टिकला आणि यंत्रावरील लेख दोन दशकेही धड टिकेना. म्हणून संगणकीय नोंद ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नव्हे. ताडपत्रांच्या पोथ्या जशा पिढ्यानपिढ्या नव्याने उतरून घेतल्या जात, तशी तीही दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरून घ्यावी लागेल, आणि हे काम कोणाचे ते आधीच ठरवावे लागेल.

नोंद कोणाच्या हाती पोहोचावी, हा शेवटचा प्रश्न आहे. पुष्कळांना वाटते की, अभ्यास विद्वानांनी करावा आणि मग त्याचे सार लोकांना सांगावे. परंतु लोकांकडून घेण्यासारखेही पुष्कळ असते. कालीबंगनला आद्य वसाहतीच्या काळातील एक नांगरलेले शेत सापडले. त्यात नांगराची तासे एकमेकांना काटकोनात छेदून गेलेली होती. एका दिशेच्या तासांत सुमारे 30 सेंटिमीटर अंतर होते, तर दुसऱ्या दिशेच्या तासांत सुमारे 190. ह्या विचित्र आखणीचा उलगडा आसपासच्या चालू शेतीवरून झाला. त्या भागातील शेतकरी दुपीक घेताना तशीच तासे काढीत असत, एका दिशेला मोहरी आणि दुसरीला कडधान्य पेरीत. साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेताचा अर्थ त्या दिवशीच्या शेतात लिहिलेला होता.

कोकणातील कातळशिल्पांचीही हीच कथा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर मनुष्यांच्या, पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या मोठमोठ्या आकृती कोरलेल्या आहेत. काशेळी येथील हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना त्या पिढ्यानपिढ्या ठाऊक होत्या. हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायी हिंडून, वडीलधाऱ्यांना विचारून त्या नोंदविल्या तेव्हा शास्त्राला त्या ठाऊक झाल्या. गोव्यातील उसगाळीमळ येथील नदीकाठची शिल्पेही 1993 मध्ये स्थानिक लोकांनीच अभ्यासकांच्या ध्यानात आणून दिली. 2022 मध्ये कोकणातील ह्या शिल्पांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत झाला. परंतु सूचीने सड्यावर पहारा बसत नाही. चिऱ्याच्या खाणी, रस्ते आणि कुंपणे ह्यांपासून त्यांना वाचवावयाचे, तर आपल्या सड्यावर काय आहे हे त्या गावाला ठाऊक असले पाहिजे, आणि ते त्याला आपले वाटले पाहिजे. महाराष्ट्रातील गावोगावच्या पांढरींचेही तसेच आहे. धाब्यावर पसरावयाला किंवा शेतात टाकावयाला ज्या पांढरीची माती गाड्या भरभरून नेली जाते, तिच्यात दोन हजार वर्षांची वस्ती असू शकते, हे नेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

येथे खुलेपणाला एक मर्यादा घातली पाहिजे. न खणलेल्या आणि न राखलेल्या स्थळाचा नेमका पत्ता जगजाहीर केला, तर अभ्यासकाआधी मूर्तिचोर तेथे पोहोचेल. म्हणून ज्ञान सर्वांना खुले असावे, परंतु असुरक्षित स्थळाची खूण गावाच्या आणि खात्याच्या विश्वासात राहावी. ही तारतम्याची गोष्ट आहे, लपवाछपवीची नव्हे.

ह्या साऱ्यातून निघणारे कर्तव्य साधे आहे. उत्खननाला मंजुरी देताना खणण्याच्या खर्चाबरोबरच अभ्यासाचा, लेखनाचा आणि छपाईचा खर्चही मंजूर व्हावा. नवे स्थळ मागणाऱ्याला ‘आधीच्या स्थळाचा अहवाल कोठे आहे?’ हा पहिला प्रश्न विचारला जावा. अहवालाबरोबर त्या प्रदेशाच्या भाषेतील एक लहान पुस्तिका निघावी, आणि तिची पहिली प्रत ज्यांच्या शेतात चर खणले त्या गावाच्या शाळेत जावी. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे अजून कितीतरी रुमाल वाचकांची वाट पाहत आहेत. मोडी शिकविण्याचे वर्ग वाढले तर तेही काम कोणा एका विद्वानाचे न राहता अनेकांचे होईल. ह्यातील कोणत्याही गोष्टीला अद्भुत यंत्र लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, भूतकाळ एकदाच खणता येतो, आणि ज्याने तो खणला त्याच्यावर तो सर्वांना सांगण्याचे ऋण असते.